एका 'रं'ची गोष्ट

आमच्या होस्टेलवर रात्री दोननंतर एखाद्या रूमचा दिवा चालू दिसला, तर कारणं ठरलेली असतात. सबमिशन, मॅच, नाहीतर प्रेमभंग. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये माझ्या रूमचा दिवा सलग अकरा रात्री चालू होता आणि कारण यातलं एकही नव्हतं. शेवटी एका रात्री वॉचमनकाकांनी दार वाजवलं. कारण आतून एका म्हातारीचा आवाज येत होता. एकच वाक्य, पुन्हा पुन्हा. "नीट जा... नीट जा... नीट जा..."

मी दार उघडलं तेव्हा काका दोन पावलं मागं सरकून उभे होते.

"कोण आहे आत?"

"कोणी नाही काका. एडिटिंग चाललंय. हेडफोनची पिन निघाली होती."

काकांचा विश्वास बसला नाही. त्यांनी कॉटखाली वाकून बघितलं. तिथे माझ्या रूम पार्टनरचे आठवड्याचे मोजे होते, त्यामुळे चौकशी तिथेच संपली.

तर त्या एडिटिंगची ही गोष्ट.

त्याच वर्षी मे महिन्यात माझ्या ताईचं लग्न झालं. गावाकडेच, सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात, दारात मांडव घालून. फोटोग्राफर लावला होता. त्याने महिन्याभराने तीन मिनिटांचा 'सिनेमॅटिक' व्हिडिओ दिला. त्यात ताई स्लो मोशनमध्ये चालते, दाजी स्लो मोशनमध्ये हसतात, आणि अक्षता तर इतक्या हळू पडतात की तेवढ्या वेळात जेवणाची एक पंगत उठावी. वरती हिंदी गाणं. आईने तो बघितला आणि म्हणाली, "छान आहे. पण यात आपलं लग्न कुठंय?"

खरंच नव्हतं. आत्याची भांडणं नव्हती, आचाऱ्याचा आरडाओरडा नव्हता, मंगलाष्टकांत भटजींना मध्येच आलेला ठसका नव्हता. आणि आजी होती फक्त दोन सेकंद, तीही धूसर. तेव्हा घरातल्या एकुलत्या एक 'इंजिनिअर'वर काम आलं. फोटोग्राफरकडून सगळं शूटिंग हार्ड डिस्कवर घ्यायचं, नातेवाइकांच्या फोनमधलं गोळा करायचं आणि घरचा म्हणून एक तासाभराचा व्हिडिओ बनवायचा. ताईच्या दिवाळसणाला सगळ्यांनी बसून बघायचा. मी हो म्हणालो आणि नेहमीप्रमाणे विसरलो.

ऑगस्टमध्ये, श्रावणात, आजीला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टरांनी आप्पांना समजावून सांगितलं, की बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते आणि डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, म्हणून दोन्ही एकदमच गेलं. आजीला आपलं बोलणं बरंचसं कळतं. पण शब्द तोंडापर्यंत येत नाही. 'न्हाय' एवढा एकच शब्द येतो, आणि हो म्हणायचं असलं तरी तोच येतो.

त्यानंतर घरून फोन आला की व्हिडिओचा विषय निघायचा. आई काही स्पष्ट बोलायची नाही. एवढंच म्हणायची, "आजीचं जेवढं असेल तेवढं घे हां."

आता मुद्द्याचं. हळदीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे जात्यावर हळकुंडं दळतात. जात्याला आंबवती बांधतात, सवाष्णी दळायला बसतात आणि ओव्या म्हणतात. आजोबा गेल्यापासून आजी त्या रांगेत बसत नाही. (हा नियम कोणी केला ते मला माहीत नाही, पण ज्याने केला त्याला माझी आजी माहीत नव्हती.) ती बाजूला खांबाला टेकून बसते आणि सगळ्या ओव्या तीच म्हणते, कारण बाकी कुणाला पुढचे शब्द येत नाहीत. म्हणजे दळायला सवाष्णी आणि चालवायला आजी. थोडक्यात, ती आमची सर्व्हर होती.

या प्रसंगाचं शूटिंग दोन ठिकाणी होतं. फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यात चित्र सुंदर. जातं, पिवळे हात, खांबाला टेकलेली आजी. पण तो लांब उभा होता आणि त्याच्या पाठीमागे जनरेटर धडधडत होता. आजीचा आवाज शून्य. दुसरीकडे आमचा सगळ्यात धाकटा चुलतभाऊ, ज्याला सगळे बारक्या म्हणतात, तो आजीच्या मांडीला टेकून फोनवर रेकॉर्डिंग करत होता. त्याचा आवाज एकदम स्वच्छ, बांगड्यांसकट. पण चित्र? बारक्याने चार मिनिटं मन लावून स्वतःच्या गुडघ्याचं शूटिंग केलं होतं.

म्हणजे एकाचं चित्र चांगलं आणि दुसऱ्याचा आवाज चांगला. एकाचा आवाज काढून दुसऱ्याच्या चित्राखाली ठेवायचा, इतकं सोपं. माझा मामा २००६ साली असाच एका कॉलेजात शिकत होता. त्याला फोन केला तर म्हणाला, "अरे आम्ही विंडोज मूव्ही मेकरमध्ये करायचो. क्लिप उचलायची आणि वरच्या पट्टीऐवजी खालच्या आवाजाच्या पट्टीवर टाकायची. चित्र आपोआप गळून पडतं, आवाज राहतो." तो मूव्ही मेकर २००० साली विंडोजबरोबर आला आणि २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने बंद केला. मी वापरलं केडेनलाइव्ह, कारण ते फुकट आहे आणि माझ्या लॅपटॉपवर दुसरं काही चालत नाही. पण कल्पना तीच. चित्र आणि आवाज या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. त्या एकत्र दिसतात, म्हणून आपल्याला त्या एकच वाटतात.

पहिली अडचण जुळणीची. बारक्याचा आवाज फोटोग्राफरच्या चित्राखाली नेमका कुठे ठेवायचा? सिनेमावाले शूटिंगच्या सुरुवातीला ती काळी-पांढरी पाटी वाजवतात, ती याचसाठी. पाटी मिटलेली चित्रात दिसते, आवाजाच्या आलेखात टोक दिसतं, दोन्ही एकाखाली एक ठेवले की झालं. आमच्याकडे पाटी नव्हती, पण काकूच्या हातून तांब्या पडला होता! जनरेटरच्या धडधडीतसुद्धा तांब्याचं टोक ठळक दिसत होतं आणि बारक्याच्या रेकॉर्डिंगमध्ये तर बॉम्बच फुटला होता. दोन्ही टोकं एकाखाली एक ठेवली. लग्नघरात तांब्या पडला म्हणून आत्या तेव्हा काकूवर ओरडली होती. काकूने तांब्या पाडला नसता तर माझं काम झालं नसतं, हे मी नंतर आत्याला सांगितलं. (केडेनलाइव्हमध्ये आवाजावरून आपोआप जुळवायची सोय आहे हे मला तिसऱ्या रात्री कळलं. आपण मॅन्युअल शेवटी वाचतो, म्हणूनच आपण इंजिनिअर.)

पण दोन मिनिटांनी पुन्हा गडबड. सुरुवातीला बरोबर असलेलं पुढे पुढे सरकत गेलं. आमचा पार्टनर म्हणाला, "क्लॉक ड्रिफ्ट!" ईटीसीच्या पोरांना सगळीकडे क्लॉक ड्रिफ्टच दिसतो. आम्ही हिशोब केला. दोन यंत्रांच्या क्रिस्टलमध्ये वीस पीपीएमचा फरक धरला तरी चार मिनिटांत पाच मिलिसेकंदसुद्धा होत नाही. खरा चोर वेगळाच निघाला. बरेच फोन सेकंदाला अमुक फ्रेम असा नियम पाळत नाहीत. उजेड कमी झाला की फ्रेमा कमी घेतात, वाढला की वाढवतात. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र सगळं एका मापात धरून चालतं, म्हणून चित्र एकीकडे आणि आवाज दुसरीकडे जातो. आधी फोनच्या क्लिपा एकसारख्या फ्रेमच्या करून घेतल्या आणि गाडी रुळावर आली.

यात एक गंमत कळली. आवाज थोडा मागे राहिला तर आपल्याला खपतो, पण पुढे गेला तर लगेच खटकतो. आयटीयूची याबद्दलची एक शिफारसच आहे, बीटी १३५९. आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला जाणवतं, पण मागे पडला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. कारण सरळ आहे. निसर्गात आवाज नेहमी मागूनच येतो. सेकंदाला पंचवीस फ्रेमा म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, आणि तेवढ्यात आवाज जातो जेमतेम चौदा मीटर. मांडवाच्या एका टोकाला ताशा वाजला, तर दुसऱ्या टोकाला तो दोन-तीन फ्रेम उशिराच पोचतो. लांब धुणं आपटणारी बाई आधी दिसते, मग 'धप्' ऐकू येतं. लहानपणापासून कानाला उशिराची सवय आहे, घाईची नाही.

असो. तर पहिली पायरी पार पडली. त्याच क्षणाचं चित्र, त्याच क्षणाचा आवाज, फक्त यंत्रं दोन. यात काही खोटं नव्हतं.

दुसरी पायरी जरा पुढची. आजीची सर्वात सुंदर ओवी नेमकी अशा वेळी होती, जेव्हा फोटोग्राफर चहा प्यायला गेला होता. चित्रच नाही. मग मी दहा मिनिटं आधीचे हात घेतले, जात्याचा फिरणारा खुंटा, सुपात पडणारं पीठ, आंबवती, आणि त्यांच्याखाली नंतरची ओवी ठेवली. सुरुवातीला आजीचा चेहरा घेतला होता, पण ओठ एक बोलत होते आणि ऐकू दुसरंच येत होतं. तेव्हा नियम कळला. ओठ दिसले तर चोरी पकडली जाते, हात दिसले तर नाही. हात कुठल्याही ओवीला फिरतात.

हेही मनाला लागलं नाही. आपला अख्खा सिनेमा यावरच उभा आहे की! १९३१ च्या 'आलम आरा'मध्ये नट कॅमेऱ्यासमोर खरोखर गायचे. १९३५ च्या 'धूप छाँव'पासून गाणारा वेगळा आणि ओठ हलवणारा वेगळा अशी पद्धत पडली, आणि तेव्हापासून आपण आनंदाने फसतोय. पुढे तर कितीतरी वर्षं बोलणंसुद्धा नंतर स्टुडिओत भरायचे. २००१ मध्ये 'लगान'ने शूटिंगच्या वेळचाच आवाज वापरला, तर ती बातमी झाली होती! मी तर काय, माझ्याच आजीची ओवी माझ्याच आजीच्या जात्यावर ठेवत होतो.

आणि मग आली पाठवणी.

गाडी दारात उभी. ताई सगळ्यांच्या पाया पडत पडत आजीपाशी येते. आजी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरते, कानाशी तोंड नेते आणि काहीतरी बोलते. बराच वेळ बोलते. फोटोग्राफरने हे छान टिपलं होतं. पण मागे बँड. ट्रम्पेटवाल्याने तर जणू आजच निवृत्त व्हायचं ठरवलं होतं. आजीचा एक शब्दही नाही. सातही फोन तपासले. सात बाजूंनी तोच बँड.

बँड काढून टाकायचा प्रयत्न केला. ऑडॅसिटीमध्ये नुसत्या गोंगाटाचा एक तुकडा नमुना म्हणून दाखवला की त्या जातीचा आवाज तो बाकीच्यातून कमी करतो. पंख्याची घरघर, जनरेटरची धडधड याला हे चालतं, कारण ती एकसारखी असते. ट्रम्पेट दर क्षणाला बदलतो आणि माणसाच्या आवाजाच्याच पट्टीत वाजतो. जास्त ताणलं की सगळंच विहिरीच्या तळातून बोलल्यासारखं येतं. हाती काही लागलं नाही.

तेव्हा मला ती दुसरी क्लिप आठवली.

जुलैत कॉलेज सुरू होताना मी घरून निघालो, त्या सकाळी नवीन वासरू पार्टनरला दाखवायला म्हणून फोनवर अंगण शूट केलं होतं. चौदा सेकंद. वासरू, चिखल, कोंबड्या. आणि मागून, चित्राच्या बाहेरून, आजी.

"नीट जा रं. पोचल्यावर फोन कर. आन् जेवत जा येळंवर."

तिला झटका येण्याआधीचं माझ्याशी झालेलं तिचं हे शेवटचं बोलणं. आवाज खणखणीत. बँड नाही, जनरेटर नाही. आणि पाठवणीला अगदी फिट. 'पोचल्यावर फोन कर' हे लेकीलाही म्हणतात आणि होस्टेलला जाणाऱ्या नातवालाही.

अडचण एकच. 'रं'.

नातवाला 'नीट जा रं', नातीला 'नीट जा गं'. दुसऱ्या कुठल्या भाषेत असतो तर सुटलो असतो, पण मराठीत कोणाला उद्देशून बोललं ते एका अक्षरात कळतं. मग मी तो 'रं' कापायचं ठरवलं.

ऐकायला सोपं वाटतं. पण बोलताना माणूस शब्द सुटे सुटे बोलत नाही. 'जा'चा 'आ' वाहत वाहत 'रं'मध्ये शिरतो. मधोमध कापलं की 'टक्' असा आवाज येतो, कारण लहर जिथे कापली तिथे ती शून्यावर नसते. शून्यावर कापलं तर टक् जातो, पण 'जा' दार आपटल्यासारखा संपतो. मग शेवटचे तीस मिलिसेकंद हळूहळू उतरवले. तरी ते रोबोसारखं. मग मागे बँडचा पुसट आवाज भरला, म्हणजे कापल्याची जागा झाकली जाते. सतराव्या प्रयत्नाला जमलं. वॉचमनकाका आले ती हीच रात्र.

"नीट जा. पोचल्यावर फोन कर."

आजी ताईच्या कानाशी वाकलेली, ओठ पदराआड, आणि हे शब्द. अंगावर काटा आला. पार्टनर झोपेतून उठून बघायला लागला. म्हणाला, "कापलंय कळतच नाही यार." मला वाटलं, जिंकलो.

लॅपटॉपची डिस्क तोपर्यंत तुडुंब भरली होती. शेवटची फाईल तयार करायला जागा हवी, म्हणून न लागणाऱ्या क्लिपा उडवल्या. वासरूही उडालं. त्याचं चित्र कुठे वापरलंच नव्हतं आणि आवाज तर काढून घेतला होता. फोनमधून ते आधीच गेलेलं. अशा कामात हात फार भराभर चालतो.

दिवाळीत पाडव्याच्या संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर जमलो. आजीची कॉट बाहेरच्या खोलीत आणली, पाठीला उशा लावल्या. व्हिडिओ सुरू झाला. भटजींच्या ठसक्याला हशा. तांब्याला त्याहून मोठा हशा, आणि काकूने आत्याकडे पाहिलं. मग जातं आलं आणि ओवी सुरू झाली.

खोली शांत झाली. आणि कॉटवरून एक घुमल्यासारखा आवाज आला. आजी गुणगुणत होती. शब्द नव्हते, पण सूर तोच, वळण तेच. दुसऱ्या ओळीच्या शेवटी तर एक शब्दही आला. अर्धा. आईने माझा हात गच्च धरला. पुढे मी वाचलं, की वाचा गेलेल्या काही माणसांना बोलता येत नाही पण गाता येतं, आणि १९७३ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी त्यावरूनच सुरातून बोलायला शिकवण्याची एक पद्धत बसवली. त्या संध्याकाळी यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही नुसते बघत राहिलो.

मग पाठवणी आली. बँड हळू झाला आणि आजीचे शब्द उमटले. आईने पदर डोळ्यांना लावला, आप्पा उठून बाहेर गेले. मी सगळ्यांचे चेहरे बघत होतो. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

आणि माझं आजीकडे लक्ष गेलं. ती टीव्हीकडे बघत नव्हती. ताईकडेही नाही. मान वळवून ती माझ्याकडे बघत होती.

"न्हाय," आजी म्हणाली.

तिचा 'न्हाय' म्हणजे होही असतो, हे मी स्वतःला सांगितलं.

जेवणं झाल्यावर ताई मागच्या ओट्यावर आली. मी भांडी विसळत होतो. थोडा वेळ नुसती उभी राहिली.

"ते पाठवणीचं तू कुठनं आणलंस?"

"कुठलं?"

"आजी मला तसं म्हणाली नव्हती."

मी काहीच बोललो नाही.

"चांगलं केलंयस रे तू, आई किती रडली. पण मला तिनं जे सांगितलं ते मला पाठ आहे. आता मी डोळे मिटले की तुझंच ऐकू येतंय. पुन्हा पुन्हा बघितलं तर माझं पुसून जाईल."

"काय म्हणाली होती?"

ताई हसली. "ते माझं आहे," म्हणाली आणि आत गेली.

त्या रात्री मला माझं गणित नीट दिसलं. तांब्याच्या वेळी मी आवाज त्याच्या जागी नेऊन ठेवला होता. ओवीच्या वेळी जागा थोडी बदलली, पण म्हणणारी तीच, प्रसंग तोच, आणि ती कुणा एकाला उद्देशून नव्हती. पाठवणीच्या वेळी मी एकाला सांगितलेलं दुसऱ्याला दिलं. त्यासाठी एक अक्षर कापावं लागलं, तिथेच मला कळायला हवं होतं. जोडायला कात्री लागली की समजावं, ते तिथलं नाही.

आणखी एक गोष्ट आठवली, ती कोणाला सांगितली नव्हती. जुलैत मी पोचल्यावर फोन केला नव्हता. घरच्या ग्रुपवर 'पोचलो' असा मेसेज टाकला होता. आजीला वाचता येत नाही.

पाठवणीचा तुकडा दुसऱ्या दिवशी बदलायला बसलो आणि मूळ क्लिप उघडायला गेलो, तेव्हा पोटात गोळा आला. वासरू उडवलं होतं. माझ्याकडे उरलं होतं ते बिनरंचं वाक्य. आजी मला उद्देशून बोलली याचा एकुलता एक पुरावा मी स्वतः कापून फेकला होता. वासरू पार्टनरला दाखवायचं होतं, पण ते कधी पाठवलंच नव्हतं. फोन, लॅपटॉप, रिसायकल बिन, सगळं उपसलं. हरवलेली फाईल परत मिळवायची सॉफ्टवेअरं लावली, पण त्या जागेवर ताईचं लग्न लिहून झालं होतं.

सुट्टी संपून होस्टेलला आलो. पार्टनरला सांगितलं. तो मोजे शोधत होता. म्हणाला, "अरे, मी तुझा तो फोल्डर घेतला होता की माझ्या पेनड्राइव्हवर. डाविंचीवर प्रयोग करायला. उडवायच्या आधी." आणि कॉटखालून, त्याच मोज्यांमधून, त्याने पेनड्राइव्ह काढला.

वासरू, चिखल, कोंबड्या. "नीट जा रं."

मी तो 'रं' मोजला. पाव सेकंद. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या हिशोबाने बारा हजार नमुने, सोळा बिट धरले तर चोवीस हजार बाइट. आपल्या परीक्षेच्या हॉलतिकिटाचा फोटोसुद्धा याहून मोठा असतो.

आता घरच्या व्हिडिओत पाठवणीला नुसता बँड आहे. आजी ताईच्या कानाशी वाकते, ओठ हलतात, ट्रम्पेट वाजतो. काही ऐकू येत नाही. ताई म्हणते, हेच बरोबर आहे.

जाता जाता, घरचं शूटिंग कापायला बसणाऱ्या मित्रमैत्रिणींना अनुभवाचे चार शब्द. मूळ क्लिपांची एक प्रत दुसऱ्याकडे ठेवा, आणि जिचं चित्र नको असेल ती क्लिप तर आधी ठेवा. प्रसंग सुरू होताना एकदा टाळी वाजवा, प्रत्येक वेळी तांब्या पडेलच असं नाही. कोणी बोललं नसेल तेव्हाचाही अर्धा मिनिट आवाज रेकॉर्ड करा, कापलेल्या जागी भरायला तो लागतो. फोन माणसाच्या जवळ धरा, चित्र गुडघ्याचं आलं तरी चालेल. एकाचा आवाज दुसरीकडे खुशाल वापरा, पण तो कोणाला उद्देशून होता ते आधी ऐका.

आजी अजून बोलत नाही. दुपारी आई ओवी लावते तेव्हा गुणगुणते. आता मी फायनल इयरला आहे. घरून निघालो आणि होस्टेलला पोचलो की फोन करतो. आई फोन आजीच्या कानाला लावते.

"आजी, पोचलो."

"न्हाय," आजी म्हणते.

मी हो समजतो, आणि येळंवर जेवायला मेसमध्ये जातो.

- अंतिम वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार